बंत म्हणजे आला

आक्का, तुमच्या शोकसभेत लावलेला फोटो सुरक्षा सप्ताहातला होता. तुम्हाला आठवत असेल. डोक्यावर कुणाचं तरी पिवळं हेल्मेट, हातात रांगोळी स्पर्धेचं दुसरं बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा, आणि फोटो काढणाऱ्याला आता काहीतरी लागट बोलणार असा चेहरा. त्यांनी डबा कापला, हेल्मेट कापलं आणि चेहरा तेवढा मोठा करून घेतला. कपाळावर हेल्मेटची पिवळी कड राहिली होती, तिच्यावर हार ओढून घेतला. झाकायचं कसं, हे आपल्या हॉस्पिटलला फार चांगलं कळतं.

प्रशासक साहेब बोलले. तुम्ही होता तोवर त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं, "त्या मशीनवाल्या सिस्टर" एवढंच म्हणत. सभेत मात्र तुम्ही "आपल्या सर्वांच्या इंदूताई" झालात. तुम्हाला सगळे आक्का म्हणतात, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "त आणि द. एका अक्षराचा फरक. त्या एका अक्षराने आपली इंदूताई नेली." हॉलमध्ये माना हलल्या. वाक्य जमून आलं होतं. बाहेर चहा आणि खारी ठेवली होती, आणि खारी चहात बुडवताना लोक तेच वाक्य एकमेकांना ऐकवत होते. वॉर्डबॉय मल्लप्पा एकटाच जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभा होता. साहेबांच्या वाक्यातला तो 'त' त्याच्या तोंडचा होता.

तेव्हा मला पहिल्यांदा तुमच्यासारखं बोलावंसं वाटलं. तुमच्या भाषेत, तुमच्या आवाजात, तिथल्या तिथे. मी बोलले नाही. शोकसभेत ओरडणारी बाई रडवेली आहे एवढंच लोकांना समजतं, आणि मला त्यांना तसं समजू द्यायचं नव्हतं.

तुम्ही माझ्याशी पहिलं वाक्य बोललात ते माझ्याबद्दल नव्हतंच. बोरगावहून मला नोकरीवर सोडायला माझे वडील आले होते. निपाणीला तंबाखूच्या वखारीत पोती उचलणारा माणूस, आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, आणि त्या दिवशी त्यांना हे हॉस्पिटल देवळासारखं वाटत होतं. गेटपासून वरच्या मजल्यापर्यंत दिसेल त्याला ते हात जोडत गेले. ते परत गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वरून खाली बघितलंत आणि म्हणालात, "तुझ्या बापानं वॉचमनलाबी हात जोडलं. तुमच्या घराचा कोटा संपला. आता तू कुणाला जोडू नगंस."

मला राग आला होता. वडिलांचा अपमान वाटला. त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने हाक मारलीच नाही. "ए बोरगाव, ते कापड इकडं दे." "बोरगाव, हातमोजे कुठं हाईत तुझं?" पदवीचा कागद वडिलांनी फ्रेम करून भिंतीवर लावला होता, हे मी कौतुकाने सांगितलं तर तुम्ही म्हणालात की बरं झालं, तो भिंतीवरच असू दे, इथं हातात मोजे लागतात.

आणि मोज्यांचं तुमचं खरंच होतं. थोड्याच दिवसांत ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या रक्ताळलेल्या कापडाची घडी उलगडताना माझ्या बोटात सुई घुसली. मोजा होता, पण मोज्याने सुई थांबत नाही. कुणीतरी टाके घालून झाल्यावर ती कापडातच सोडली होती. मी बोट तोंडात घालणार होते, लहानपणापासूनची सवय. तुम्ही माझा हात असा खेचलात की खांदा दुखला. बोट नळाखाली धरलंत, साबण लावलात, आणि मग ती सुई चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवलीत. ट्रे घेऊन तुम्ही डॉक्टरांच्या खोलीत गेलात. मी मागे मागे. आत मोठे सर्जन इडली खात होते.

तुम्ही ट्रे त्यांच्या इडलीशेजारी ठेवलात. "ही तुमची का? कापडात ऱ्हायलीया."

सर्जन म्हणाले, "सॉरी, सिस्टर."

तुम्ही म्हणालात, "मला न्हाय टोचली. हिला टोचलीया."

ते माझ्याकडे वळून काही बोलले नाहीत. मान हलवली असेल. पण त्या दिवशी माझं रक्त तपासायला देताना तुम्ही शेजारी बसून होता. संध्याकाळी मला हॉस्टेलवर जाऊ दिलं नाहीत, विमानतळाजवळ सांबऱ्याला घरी घेऊन गेलात. तुमच्या अंगणात बसून आपण भाकरी खात होतो आणि डोक्यावरून विमान इतकं खाली गेलं की मी ताट सोडून उभी राहिले. तुमचे सासरे हसून लोटपोट झाले. तुम्ही मात्र वर न बघता म्हणालात की विमानाला भिऊ नको, ते तपासल्याशिवाय उडवत नाहीत, भ्यायचं असेल तर आपल्या मशीनला भी.

त्या वाक्याचे आभार मानायचे राहिले आणि त्या भाकरीचेही. रिपोर्ट चांगला आला तेव्हाही मी तुम्हाला फक्त "चांगला आला" एवढंच सांगितलं. तुम्ही "मग काय वाईट याचा व्हता?" म्हणून कापड मोजायला लागलात. आपल्यात आभाराची जागा तुम्ही कधी ठेवलीच नाहीत.

आता त्या मशीनचं. तुम्हाला सांगायला नको, पण आता जो तो आपापलं सांगतो आहे, म्हणून एकदा सरळ क्रमाने सांगते.

ऑपरेशनची हत्यारं आणि कापड वाफेवर निर्जंतुक करणारं ते मोठं आडवं मशीन तुमच्या ताब्यात होतं. बोअरचं पाणी जड, त्यामुळे आतल्या हीटरवर पांढरा थर साचायचा. तो खरवडल्याशिवाय वाफ नीट धरत नसे, आणि खरवडायचं तर मशीनचा करंट तोडायला हवा. त्यासाठी भिंतीवर हँडलचा स्विच होता. तो वरच्या बाजूला अडकून बसला होता. चालू. कायमचा चालू. त्याच्या मागचा करंट तोडायचा तर पूर्ण मजल्याचा तोडावा लागला असता, म्हणजे थिएटर बंद, आणि त्याला कुणी तयार नव्हतं.

म्हणून आपल्या हॉस्पिटलने शोध लावला. दुरुस्तीसाठी शहरातला करंट जायचा त्या दिवशी मशीन साफ करायचं. थिएटर जनरेटरवर चालायचं, तुमच्या खोलीतला दिवाही जनरेटरवर होता. मशीन मात्र बाहेरच्या लाइनीवर. त्यामुळे बाहेरचा करंट परत आला तरी खोलीत बसून ते कळायचं नाही. कळायचं कॉरिडॉरमध्ये, कारण तिथली ट्यूब बाहेरच्या लाइनीवर होती. मग काय, त्या ट्यूबखाली माणूस उभा करायचा. ट्यूब पेटली की त्याने ओरडायचं. ही आपली सुरक्षा व्यवस्था. एका स्विचच्या जागी एक मल्लप्पा.

मल्लप्पा घरचा कन्नड, मराठी आपल्यासारखीच बोलतो, पण घाईत तोंडातून कन्नडच येतं. ट्यूब पेटली की तो ओरडायचा, "बंत!" म्हणजे आला. आणि आतून तुमचं उत्तर ठरलेलं, "कोण बंत रं? तुझा सासरा?"

त्यावर त्याचंही ठरलेलं. "सासरा असता तर बंद्रु म्हटलं असतं, आक्का."

बंत आणि बंद यातली गंमत तुम्ही आम्हाला केव्हाच शिकवली होती. तुम्ही म्हणायचा की कन्नडात करंट बंत, पण माणूस असला तर बंद. म्हणजे मराठीत जो बंद पडतो तो कन्नडात येतो. यावरून तुम्ही मल्लप्पाला किती छळलंत. करंट बाई की बाप्या, ते आधी ठरव, मग ओरड, म्हणून. तो म्हणायचा, सासऱ्याला नुसतं बंद म्हटलं तर चप्पल खाईन, मान देऊन बंद्रु म्हणावं लागतं. आणि ज्या बाईला या दोन शब्दांची एवढी खोड होती, तिने म्हणे 'बंत'चं 'बंद' ऐकलं. जी भाजीवालीशी कन्नडात भांडून कोथिंबीर फुकट आणायची, तिला म्हणे कन्नड कळलं नाही.

स्विचसाठी तुम्ही किती वेळा वर गेलात ते मी बघितलं आहे. प्रत्येक वेळी साहेब म्हणायचे की तपासणी होऊन जाऊ द्या, मग एकदम सगळंच करू. मानांकनाची तपासणी होती. तिच्यासाठी भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, आम्हाला हसायला शिकवलं. सुरक्षा सप्ताह त्याचाच भाग. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दोन माणसं तुमच्या खोलीत आली आणि त्या अडकलेल्या स्विचवर एक मोठं पोस्टर चिकटवून गेली. त्यावर लिहिलं होतं, सुरक्षा हीच सेवा. तपासनीस आले, त्यांनी पोस्टरचा फोटो काढला आणि छान म्हणाले.

त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, आक्का. काही अडचण आहे का, म्हणून. साहेब मागे उभे होते, मी तुमच्या शेजारी. पोस्टर तुमच्या हाताच्या अंतरावर होतं. तुम्ही म्हणालात, "काय अडचण न्हाय."

ते गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. माझ्या आयुष्यात मी मोठ्या माणसाशी तसं कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, तुम्ही सर्जनच्या इडलीशेजारी सुई ठेवता आणि इथे गप्प बसता? तुम्ही पोस्टरचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत म्हणालात, "पाहुण्यापुढं घरातली घाण काढायची नसती. आपलं हॉस्पिटल हाय." मी म्हटलं, मग निदान साफ करायला नाही म्हणा. तुम्ही म्हणालात, "आणि उद्या सिझरला बाई आली की तिच्या पोटात काय घालू, न साफ केलेलं चिमटं?"

त्या दुसऱ्या उत्तरावर माझ्याकडे काही नव्हतं. पहिल्यावर आहे. ते आपलं हॉस्पिटल नव्हतं, आक्का. आपलं असतं तर आपल्या हाताला शॉक लागू नये असं त्याला वाटलं असतं. मला तुमच्या त्या "आपलं"चा अजून राग येतो. साहेबांचा नुसता वीट येतो, पण राग येतो तो तुमचा. तुम्ही सगळ्यांचा तिरस्कार करायला शिकवलंत आणि ज्याचा करायचा त्याच्यापुढे मात्र पदर सारखा करून उभ्या राहिलात. हे भांडण आपण पुढे नेणार होतो. तुम्ही म्हणाला होता, "बोरगाव, तुझं तोंड लई चालाय लागलंय, बघू नंतर." ते नंतर तुम्ही सोबत घेऊन गेलात.

त्या दिवशी करंट संध्याकाळी येणार असं सांगितलं होतं. मी आडोशाच्या पलीकडे हत्यारांची पुडकी बांधत होते. मल्लप्पा बाहेर ट्यूबखाली. तुम्ही मशीनचं झाकण काढून हीटरवर पाणी ओतत, खरवडत होता आणि जावेच्या नव्या फ्रीजबद्दल मला काहीतरी सांगत होता, की ती त्यात चपला सोडून सगळं ठेवते. मी हसले. मग तुमचा स्टीलचा तांब्या फरशीवर पडला. मल्लप्पा ओरडला, "बंत!" मी पुडक्याला गाठ मारली आणि तुमच्या उत्तराची वाट बघितली. कोण बंत रं, येईल म्हणून. नाही आलं.

पुढचं मी लिहिणार नाही. तुम्हाला उचललं, थिएटरमध्ये नेलं, सगळ्यांनी केलं ते केलं. तुमच्यावर प्रयत्न झाले त्या ट्रेमधली प्रत्येक वस्तू तुम्ही वाफवलेली होती.

मल्लप्पाच रडत रडत म्हणाला होता, की मी बंत म्हटलं, आक्कांनी बंद ऐकलं असंल, माझ्या तोंडाला आग लागो. त्याच्या दुःखातला तो एक शब्द साहेबांनी उचलला. किती पटकन उचलला. त्यांना असं काहीतरी हवंच होतं, ज्याला हँडल नसतं.

मग गेटवर लोक आले. एक गट म्हणाला की कन्नडाच्या सक्तीने आमची मराठी भगिनी मारली. दुसरा म्हणाला की इथं राहून कन्नड शिकायचं नाही म्हणजे असंच होणार. दोन्ही गटांनी फलक रंगवून आणले होते, दोन्हींना तुमचं आडनाव चुकीचं माहीत होतं. साहेबांनी दोन्ही गटांना आत बोलावून पाणी दिलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. साहेबांचा चेहरा इतका शांत मी कधी बघितला नव्हता. सगळं शहर जोवर त आणि द वर भांडत होतं, तोवर भिंतीकडे कोण बघणार होतं?

स्विच तुमच्या तेराव्याच्या आधी बसला. वायरमन आला, पोस्टर फाडलं, जुना काढला, नवा लावला. मी त्याच्यासाठी आणलेला चहा अजून गरम होता. एवढंच काम होतं, आक्का. एवढंच.

चौकशीला मला बोलावलं. आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल, असं सुरू करून ते म्हणाले की कुणालाच दोष द्यायचा नाही, ना मल्लप्पाला ना इंदूताईंना, हा भाषेचा दुर्दैवी घोळ आहे एवढंच यावं. मल्लप्पाची नोकरी राहील. संस्थेने तुमच्यासारख्या किती मुलींना उभं केलं, हे तुम्ही विसरणार नाही. माझ्या वडिलांचीही त्यांनी चौकशी केली. वखारीत अजून जातात का, म्हणून.

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी झोपले. पण झोपताना मला एक भीती होती ती अशी, की मी हो म्हटलं तर तुम्ही कायमच्या अशी बाई होऊन राहाल, जिला नीट ऐकू आलं नाही. हॉस्पिटलमध्ये नवीन येणाऱ्या मुलींना तुमची गोष्ट सांगतील, नीट ऐकत जा म्हणून. आणि मल्लप्पा जन्मभर स्वतःच्या जिभेला मारत बसेल.

टेबलापलीकडे साहेब, एक वकील आणि ते मोठे सर्जन. साहेब म्हणाले, "सिस्टर, एवढंच सांगा. मल्लप्पा जे ओरडला, ते 'बंद' असं ऐकू येऊ शकतं की नाही?"

मी म्हटलं, येऊ शकतं.

साहेबांनी वकिलांकडे बघितलं. मी विचारलं, "सर, बंत म्हणजे काय?"

"करंट आला."

"आला. येणार आहे, असं नाही. आला. ट्यूब पेटल्यावर मल्लप्पा ओरडणार, आणि ट्यूब पेटली म्हणजे मशीनमध्येही करंट आलेला. आधी आक्कांचा तांब्या पडला, सर, मी ऐकला. मल्लप्पा त्याच्यानंतर ओरडला. त्यांनी बंत ऐकलं की बंद ऐकलं, ते तुम्ही विचारताय. ऐकायला आक्का राहिल्याच नव्हत्या."

वकील लिहायचे थांबले. सर्जन टेबलाकडे बघत होते, तसेच, इडलीकडे बघत होते तसे.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

मी म्हटलं, "स्विच."

मग त्यांनी पुन्हा संस्था, उपकार, वडील असं सगळं एकेक करून काढलं. आवाज गोड होता. शेवटी, तुम्ही जाऊ शकता, म्हणाले. मी उठले. खोलीतून निघताना आमच्या घरच्या सवयीने हात एकत्र येत होते. मी ते मागे बांधले आणि तशीच बाहेर पडले. तुमचं पहिलं वाक्य ऐकल्याला इतकी वर्षं झाली, ते त्या दिवशी पाळलं.

अहवालात काय येईल मला माहीत नाही. मानवी चूक हे शब्द त्यांना फार आवडतात. त्यात माणूस असतो, भिंत नसते. माझी बदलीही होईल कदाचित. पण साहेब ते त आणि द चं वाक्य आता बोलत नाहीत. परवा कुणा पाहुण्याने तो विषय काढला तर त्यांनी पंखा जास्त करायला सांगितला.

मल्लप्पा जिन्याखालीच होता. मी त्याला सगळं सांगितलं, आधी मराठीत, मग माझ्या मोडक्या कन्नडात. त्याला पटेना.

"म्हंजे मी आला म्हटलं असतं तरी?"

"तरी."

"काय वरडलोच नसतो तरी?"

मी म्हटलं, तरी, मल्लप्पा. तुझ्या शब्दाने काही झालं नाही. काही होणारच नव्हतं.

मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही. म्हणाला, "मग मला इतकी वर्सं तिथं उभं कशाला केलतं, सिस्टर?"

त्याला काय सांगणार? तो तिथे उभा होता म्हणून साहेबांना स्विच बदलावा लागला नाही. तो तिथे उभा होता म्हणून आम्हाला वाटायचं की काळजी घेतली जाते आहे. इतकी वर्षं तुमचं उत्तर आतून यायचं ते त्याच्या हाकेमुळे नव्हे, करंट आला तेव्हा तुमचा हात योगायोगाने बाहेर होता म्हणून यायचं. तुम्हाला हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. विमानाचं ज्या बाईला कळतं, तिला हे कळत होतं. मग तुम्ही त्याला उभं का केलंत? मी विचार करते आणि मला एकच सुचतं, की उघड्या मशीनसमोर एकटीने बसायला तुम्हालाही भीती वाटत होती. कुणीतरी बाहेर असावं, हाक मारावी, आपण टोमणा मारावा. हे तुम्ही मला सांगितलं असतं तर मी आडोसा काढून टाकला असता आणि समोर येऊन बसले असते.

काल करंट जायचा दिवस होता. मशीन आता मी साफ करते. नवा स्विच खाली ओढला, झाकण काढलं, तुमचाच तांब्या घेतला. आता कॉरिडॉरमध्ये कुणाची गरज नाही, तसं मी मल्लप्पाला सांगितलं होतं. तरी तो जाऊन ट्यूबखाली उभा राहिला. मी खरवडायला बसले.

हीटर निम्मा खरवडून झाला असेल. बाहेरून आवाज आला. ओरडला नाही तो, सांगितल्यासारखं म्हणाला.

"बंत."

मी म्हटलं, "कोण बंत रं? तुझा सासरा?"

 तो म्हणाला, "सासरा असता तर बंद्रु म्हटलं असतं."

माझा हात मशीनच्या आत होता. मी तो काढला नाही. हँडल खाली होतं, आक्का. मी वळून पुन्हा एकदा बघितलं. खालीच हाय.